सैल सोड वं!

खोली बघायला मी प्रतापनगरातल्या त्या घरी पहिल्यांदा गेले, तेव्हा घरमालकांची दाढी अर्धीच झालेली होती. डावा गाल गुळगुळीत आणि उजव्या गालावर पांढरे खुंट. मी बँकेच्या नोकरीत, कोल्हापूरकडून बदली होऊन आलेली, बिनलग्नाची. घर कसं का असेना, घरमालक धड असावा, एवढंच आईनं बजावून पाठवलं होतं. आणि हे गृहस्थ दारात असे उभे.

“घाबरू नका मॅडम,” ते म्हणाले. “हा गाल चौकातल्या सलूनवाल्याचा हाये. हा दुसरा आता बर्डीच्या बाजारातून करून आनतो. मंग समजते कोनाचा हात हलका हाये ते.”

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला. “तुम्ही या ना आत, मॅडम. त्यायचं असंच चालू राहते.”

मी आत गेले आणि नागपूर सोडेपर्यंत त्याच घरात, वरच्या मजल्यावर राहिले. त्या दोघांना काका-काकू म्हणू लागले.

काकांचा सगळा जन्म रेल्वेच्या पार्सल ऑफिसात वजनकाट्यासमोर गेला होता. निवृत्त झाले, काटा सुटला, पण सवय काही सुटली नाही. कुठलीही वस्तू एकटी दिसली की त्यांना चैन पडत नसे. “एकट्या वस्तूले चव नसते,” असं ते म्हणत. “जोडी लावा, मंग बोला.” पुढच्या खिडकीला खसच्या ताट्यांचा कूलर होता, मागच्या खिडकीला लाकडाच्या भुशाचा. मधोमध खुर्ची टाकून ते पाहुण्याला बसवत आणि कुठला कान जास्त गार लागतो ते विचारत. भिंतीवर दोन घड्याळं. चहा दोन पुड्यांचा, दोन कपांत. संत्र्यांचे आंबिया आणि मृग हे दोन बहार एका ताटात येत नाहीत याचं त्यांना खरोखर दुःख होतं. एका वर्षी त्यांनी आंबियाची संत्री माळ्यावर गवतात जपून ठेवली, मृगाची बाजारात आल्यावर खाली काढली आणि सुकून लिंबाएवढं झालेलं ते फळ न्यायाधीशाच्या गांभीर्यानं चघळलं. निकाल काय लागला ते आठवत नाही. त्यांचे निकाल बहुधा लागतच नसत. दाढीचाही लागला नाही. ते दोन्ही सलूनवाल्यांकडे जात राहिले.

भाडेकरू म्हणून माझीही जोडी लागलेली होती. “तुमच्याआधी जे होते ना, ते पानी लय सांडत,” त्यांनी मला एकदा चहा पिता पिता सांगितलं. “पन हसत जास्त.” मी रागावले. मग पुढचा आठवडाभर जिन्यावरून जाता-येता उगीचच हसत होते, हेही सांगून टाकते.

काकूंना मात्र त्यांनी कधी कशाच्या शेजारी ठेवून पाहिलं नाही. त्या घरात आहेत हेच त्यांच्या फारसं ध्यानात येत नसावं. आपण तरी घरातल्या उंबऱ्याकडे कुठे बघतो! काकू खाप्याच्या. कन्हान नदीच्या काठी वाढलेल्या आणि छप्पन्न साली, धम्मदीक्षेच्या वर्षी लग्न होऊन नागपूरला आलेल्या. “घर, भाजीचा बाजार आन् पौर्णिमेले विहार. एवढंच नागपूर हाये माझं,” असं त्या एकदा म्हणाल्या. तक्रार म्हणून नाही, पत्ता सांगावा तसं. मूलबाळ नव्हतं. दुपारी कामं आटोपली की त्या समोरच्या ओट्यावर येऊन बसत आणि रस्त्याकडे बघत. मी शनिवारी लवकर घरी आले की त्या सांगत, “तो बर्फवाला पाहा, मॅडम. आज आवाज देऊन नाही राहिला. याचं काहीतरी बिनसलं हाये.” मी बघायची तर मला नुसता बर्फवाला दिसायचा.

अशा घरात कॅमेरा आला.

काकांचा भाचा मस्कतला नोकरीला होता. तो एका उन्हाळ्यात सुटीवर आला तो व्हिडिओ कॅमेरा घेऊनच. आजच्या पोरांना सांगून खरं वाटणार नाही, पण ती एकट्यानं चालवायची चीज नव्हती. कॅमेरा वेगळा आणि ज्यात कॅसेट फिरते तो रेकॉर्डर वेगळा. कॅमेरा खांद्यावर घ्यायचा, रेकॉर्डर पट्ट्याच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवायचा, आणि दोन्हींच्या मध्ये एक जाड काळी वायर. रेकॉर्डर शिलाई मशीनच्या डोक्याइतका जड. काकांनी पहिल्या दिवशी दोन्ही वस्तू एकट्यानं उचलून पाहिल्या आणि ते अंगणातल्या मोगऱ्याच्या कुंडीत बसले. भाच्यानं त्यांना उठवलं. काकू ओट्यावरून खाली आल्या, “आना इकडे” म्हणाल्या आणि ती पिशवी त्यांनी स्वतःच्या गळ्यात घातली.

झालं. त्या दिवसापासून दर रविवारी सकाळी ते दोघं निघत. वायरीला हिसका बसून पिन निसटू नये म्हणून काकूंनी ती सुतळीनं काकांच्या कमरेच्या पट्ट्याला बांधली होती. पुढे कॅमेरा, मागे काकू. बोललं की आवाज कॅसेटमध्ये येतो, म्हणून काकूंना बोलायची बंदी होती. काका स्वतः मात्र बोलत. त्यांची एकच तक्रार असे. काकूंचं पाऊल मागे-पुढे झालं, वायर ताणली गेली आणि कमरेला ओढ बसली की ते ओरडत, “सैल सोड वं!” आणि ज्या बाजूला वायर ओढली जाई त्या बाजूला वळून तिला सैल करत. वायर तुटली तर मस्कतहून दुसरी कोण आणणार, ही त्यांना सारखी काळजी.

फुटाळा तलाव, तेलंगखेडीचं देऊळ, बर्डी, इतवारीतली गर्दी. लोक थांबून बघत. पोरं मागे लागत. काकूंनी नवी चप्पल घेतली. एका रविवारी त्या परत आल्या तेव्हा चेहरा उन्हानं लाल झालेला आणि गळ्यावर पट्ट्याचा वळ. मी म्हटलं, काकू, किती हो त्रास तुम्हाला! त्या माठातलं पाणी पीत होत्या. पेला खाली ठेवून म्हणाल्या, “फुटाळा लय मोठा हाये, मॅडम. मले वाटे, विहिरीएवढा असंन.”

दुपारी पडदे ओढून, दोन्ही कूलर लावून आम्ही त्या कॅसेटी बघत असू. रंगीत टीव्ही अजून घरोघरी पोचला नव्हता, त्यामुळे शेजारपाजारही येई. मला नागपूर आठवतं ते त्या खोलीतूनच. खसचा ओला वास, अंधार, आणि त्या अंधारात हलणारं निळसर नागपूर. जुन्या कॅमेऱ्यात रंग एकमेकांत सांडत. लाल साडी नेसलेली बाई चालत गेली की साडीचा लाल जरासा मागे रेंगाळे. कधी परतायला रात्र झालेली असली तर दिव्यांना शेपट्या फुटत; सायकलवाला कंदील घेऊन गेला की प्रकाशाची एक रेघ हवेत तशीच राहून मग हळूहळू विझे. भाचा म्हणे, हा जुन्या नळीचा दोष आहे. मला तो दोष फार आवडे. अजूनही कधी प्रवासात डोळा लागता लागता खिडकीबाहेरचे दिवे दिसले की मी त्यांच्या शेपट्या शोधते.

आणि त्या कॅसेटींत काय काय होतं! काका निघत ते तलाव किंवा मंदिराचा कळस असलं काहीतरी ठरवून. पाच-दहा मिनिटं तो कळस दिसे, आम्ही जांभया देऊ लागत असू, इतक्यात चित्र एकदम हले, बाजूला सरके, आणि तिथे एक बाई पाण्यात पाय सोडून चपला धूत बसलेली दिसे. घासून धुतलेल्या चपला ती पदरानं पुसे आणि पायात न घालता हातात घेऊनच निघून जाई. बर्डीच्या चौकातला शिट्टी मारणारा पोलीस, आजूबाजूला बघून फुगेवाल्याच्या फुग्याला हळूच बोट लावून पाहणारा. खाप्याला नात्यातलं एक लग्न होतं, त्याची कॅसेट तर लोकांनी पुन्हा पुन्हा मागून नेली. मांडवात नवरा-नवरी मंगल परिणयाला उभे आहेत, सगळे पांढऱ्या कपड्यांत, फुलं उडताहेत. आणि मध्येच कॅमेरा वळतो तो मांडवामागच्या पाण्याच्या ड्रमकडे. तिथे नवरीचा बाप एकटाच तोंड धुतोय. धुऊन झालं तरी धुतोय. ते बघताना खोलीतल्या बायका पदर तोंडाला लावत. काकांना लोक म्हणत, “काय नजर हाये गा तुमची!” काका मान हलवत. आपल्या नजरेचं त्यांनाही नवल वाटू लागलं होतं.

पुढच्या सुटीत भाचा नवा कॅमेरा घेऊन आला. कॅमेरा आणि रेकॉर्डर एकाच अंगात. कॅसेट पोटात घालायची, खांद्यावर ठेवायचा, निघायचं. ना पिशवी, ना वायर. दिवे दिव्यांसारखे दिसत, त्यांना शेपट्या नव्हत्या. संध्याकाळच्या उजेडातही चेहरे ओळखू येत. भाच्यानं जुन्याची विल्हेवाटही ठरवून ठेवली होती. खाप्याला त्याच्या मित्रानं फोटो स्टुडिओ काढला होता, परत जाण्याआधी जुना कॅमेरा त्याला देऊन टाकायचा.

“मामी, सुटल्या तुम्ही त्या ओझ्यातून!” भाचा म्हणाला.

“हो बाप्पा,” काकू म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

त्या रविवारी काका एकटेच निघाले. मी जिन्यातून खाली येत होते. काकू आतल्या खोलीच्या दारात उभ्या होत्या, बाहेरची साडी नेसून, वेणी घालून. काकांच्या स्कूटरचा आवाज गल्लीच्या टोकाला गेला तेव्हा त्या स्वतःशीच हसल्या. “पाहा ना, सवयीनं नेसली,” असं म्हणून त्यांनी आत जाऊन साडी बदलली. पुढच्या रविवारी त्या नेसल्या नाहीत. ओट्यावरही बसल्या नाहीत. मला त्यांचा राग आला, काकांचा आला, त्या मस्कतवाल्या पोराचा तर फारच आला. मी म्हटलं, “काकू, तुम्ही सांगा ना काकांना, मला यायचंय म्हणून.”

“काहून?” त्या म्हणाल्या. “ओझं उचलाले लागत होती मी. आता ओझंच नाही, तर मले काय म्हनून नेतीन?”

“फिरायला म्हणून.”

“तसं कोनी फिरते काय, मॅडम?” त्यांनी मलाच विचारलं. मग गव्हाचं सूप पुढे ओढलं आणि खाली मान घालून म्हणाल्या, “तो कॅमेरा खाप्याले गेला की माझं पाहनं संपलं. मले कोनी इचारलं नाही.”

नव्या कॅसेटी आम्ही बघितल्या. तलाव स्वच्छ दिसे. कळस तर इतका लखलखीत की त्यावरचा कावळासुद्धा मोजून घ्यावा. पण कळसानंतर पुन्हा कळसच येई. कॅमेरा कुठे वळतच नसे. शेजारच्या बाया आधी जांभया देऊ लागल्या आणि मग घरी कामं आहेत म्हणू लागल्या. काका अस्वस्थ झाले. त्यांनी काच पुसली, कॅसेट बदलली, भाच्याला मशीन उघडायला लावली. काही दिवसांनी त्यांनी जाहीर केलं, “नव्यात खोट हाये.”

“मामा, खोट नाही. नवीन मॉडेल आहे,” भाचा कळवळून म्हणाला.

“मंग जोडी लावू,” काका म्हणाले.

आणि त्यांनी जोडी लावली. एका रविवारी सकाळी फुटाळ्याभोवती ते आधी जुना कॅमेरा घेऊन चालले, काकूंना बरोबर घेऊन. मग काकूंना वडाखाली बसवून त्याच वाटेनं, तितकाच वेळ, नवा घेऊन एकटे चालले. संध्याकाळी अंगणात दोन टीव्ही मांडले. एक त्यांचा आणि एक माझा. माझा मी कुरकुरत खाली आणून दिला. दोन्ही कॅसेटी एकदम सुरू झाल्या. शेजारी खुर्च्या-सतरंज्यांवर बसले होते आणि काका मधोमध, वजनकाट्यासमोर उभं राहावं तसे.

सुरुवातीला सगळ्यांच्या माना नव्याकडे होत्या. पाणी निळं, झाडं हिरवी, सगळं जिथल्या तिथे. मग जुन्या कॅमेऱ्याच्या टीव्हीतून काकांचा आवाज आला, “सैल सोड वं!” चित्र हललं, आणि पायरीवर एक म्हातारी आपल्याहून म्हाताऱ्या बहिणीच्या डोक्याला तेल लावताना दिसली. माना वळल्या. पुन्हा “सैल सोड वं!” आणि एक रिक्षावाला स्वतःच्याच रिक्षात मालकासारखा पाय पसरून बसलेला, डोळे मिटून. लोक हसले. मला एकदम काहीतरी कळलं. आजवरची जी जी चित्रं आम्हाला आवडली होती, त्या प्रत्येकाच्या आधी काका ओरडले होते. मी काकूंकडे पाहिलं. त्या शांतपणे टीव्ही बघत होत्या, आणि त्यांचा हात मांडीवर काहीतरी धरल्यासारखा अर्धवट मिटलेला होता.

निकाल लागला. काकांच्या आयुष्यातला बहुधा पहिलाच. नव्या कॅमेऱ्याच्या टीव्हीकडे कोणीही बघत नव्हतं.

“ठरलं,” काका उठून म्हणाले. “जुना घरी राहीन. हा नवा खोटा हाये, हा घेऊन जा गा तुझ्या दोस्ताले.”

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! काकूंचे रविवार वाचले होते. त्यांना काही बोलावं लागलं नव्हतं, मागावं लागलं नव्हतं. मी त्यांच्याकडे बघून हसले. त्या हसल्या नाहीत.

“अजी,” त्या म्हणाल्या, “नव्यात काही खोट नाही.”

“मंग?”

“वायर मी ओढत होती.”

काकांना कळेना. “ओढत होती म्हंजे? थे तर तानल्या जाय.”

“जात नव्हती. बोलाची बंदी होती ना मले. पाहासारखं काही दिसलं की मी त्या बाजूले ओढे. तुम्ही वळत.”

दोन्ही टीव्हींवर तलावाचं पाणी चमकत होतं. काका काकूंकडे बघत राहिले. ज्या नजरेचं लोक कौतुक करत होते ती आपली नव्हे, हे त्या माणसाला सगळ्या शेजाऱ्यांसमोर कळलं होतं. मला वाटलं, आता चिडतील. पण ते चिडले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर शरम होती, आणि शरमेच्या पलीकडे काहीतरी हळवंही होतं. ते म्हणाले, “मंग तू येत जा ना. नव्यातच घेतो तुले. जुन्यात वायरीमुळे तू मागंच राहे, एका बी कॅसेटीत दिसत नाही. आता समोर ये. तुलेच घेतो पिक्चरमधे.”

शेजारच्या बाया “अगं बाई” म्हणून कौतुकानं हसल्या. मलाही वाटलं, याहून जास्त कोणी काय देणार?

“मले दिसाचं नाही,” काकू म्हणाल्या. “मले पाहाचं हाये.”

“काय?”

“हा हलका हाये. रोज पुसतो तवा उचलून पाहते मी. मले झेपते. जुना खाप्याले जाऊ द्या. हा मले द्या.”

भाचा म्हणाला, “मामी, बटणं असतात बरीच...” काकूंनी त्याच्याकडे पाहिलं आणि तो बाजूला सरकला. काका खाली बसले. बायकोच्या हाती मशीन, आणि आपण कोण मग? हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं. डास चावू लागले. जन्मभराची खोड अखेर त्यांच्या मदतीला आली.

“ठीक हाये,” ते म्हणाले. “जोडी लावू. मी घेतलेलं पाहिलं. आता तू घे. तीच वाट, तेवढाच वेळ. मंग समजते.”

भाच्याला निघायला अजून दोन दिवस होते. दुसऱ्याच सकाळी मी बँकेत रजा कळवली आणि त्यांच्याबरोबर गेले. हे चुकवण्यासारखं नव्हतं. फुटाळ्याच्या काठानं काका पुढे चालत होते. हात मोकळे. त्या मोकळ्या हातांचं काय करावं हे त्यांना सुचत नव्हतं. कधी खिशात घालत, कधी पाठीमागे बांधत. सवयीनं मधूनच कमरेला हात लावून पाहत. मागून काकू, खांद्यावर कॅमेरा, एक डोळा मिटलेला, पाऊल अगदी हळू. मी त्यांच्या बाजूनं चालत होते. पाण्यावर कोवळं ऊन होतं आणि कुठूनतरी कपडे आपटल्याचा आवाज येत होता, कपडा दगडावर पडल्यावर थोड्या वेळानं आपल्यापर्यंत पोचणारा. त्या सबंध वाटेत त्यांनी एकदाही कॅमेरा खाली घेतला नाही.

संध्याकाळी पुन्हा सतरंज्या पडल्या. या वेळी एकच टीव्ही. कोपऱ्यावरच्या घरातलेसुद्धा आले होते. काकू मागे दाराशी बसल्या, मी त्यांच्याजवळ. काका टीव्हीच्या अगदी समोर.

चित्र सुरू झालं. तलाव नव्हता. पायऱ्या नव्हत्या, म्हातारी नव्हती, रिक्षावाला नव्हता. एका माणसाची पाठ होती. पांढरा हाफ शर्ट, मधोमध घामाचा ओला पट्टा. मानेवर विरळ पांढरे केस, एक कान दुसऱ्याहून जरा जास्त बाहेर आलेला. खांदा एका बाजूला उतरलेला, वर्षानुवर्षं काहीतरी जड उचलणाऱ्यांचा उतरतो तसा. पाठ चालत होती आणि आम्ही तिच्या मागे मागे चालत होतो. ती थांबली की आम्ही थांबायचो. चढ आला तेव्हा पाठ जराशी पुढे वाकली, एक हात गुडघ्यावर गेला, आणि लगेच कोणी बघितलं तर नाही ना अशा बेतानं मागे आला. बाजूला निळं पाणी होतं, पण कॅमेरा तिकडे वळत नव्हता.

सगळ्यांनी ओळखलं होतं.

काका खुर्चीत चुळबुळले. त्यांनी मान डावीकडे केली, उजवीकडे केली, जसं त्या माणसाच्या बाजूनं पलीकडचं दिसेल. “हा बुढा कोन हाये?” ते वैतागून म्हणाले. “सारा तलाव झाकून राहिला. याले बाजूले व्हाले सांगाचं होतं ना.”

भाच्यानं मान खाली घातली.

“तुम्हीच आहा ते,” काकू मागून म्हणाल्या.

काका पुढे झुकले. पडद्यावरची पाठ एका दगडाशी थांबली होती. तिनं हळूच कमरेला हात लावला, काही सापडलं नाही, आणि हात तसाच राहिला. काका ते बघत होते. त्यांनी खुर्चीवर बसल्या बसल्या आपला हात मागे नेला आणि स्वतःचा खांदा चाचपून पाहिला. ज्यानं सगळ्यांची जोडी लावली पण स्वतःची कधी लावली नव्हती, तो माणूस आता दोन्हीकडे होता, खुर्चीत आणि पडद्यावर. कॅसेट संपेपर्यंत त्यांनी मान हलवली नाही. पडदा निळा झाला, तरी ते निळ्या पडद्याकडेच बघत बसले.

मग मागे न वळता, अगदी हळू आवाजात, त्यांनी विचारलं, “मी एवढा वाकलो कवा वं?”

“हळूहळू,” काकू म्हणाल्या. “मी पाहून राहिली होती ना.”